आधी डबा रिकामा व्हायचा

घरी जायचं तिकीट काढलं की आठवड्याभरात यादी येते. पीएचडीसाठी आखेनला आलो तेव्हापासूनचा हा रिवाज. पहिल्या वर्षांतली यादी ताईच्या अक्षरातली असायची, वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवलेली. बाबांना दाढीची ब्लेडं, आईला गुडघ्याचा पट्टा, शेजारच्या काकांना पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि सगळ्यात शेवटी 'चॉकलेट, कुठलंही'. त्या 'कुठलंही'वर माझा फार जीव होता. तेवीस किलोच्या बॅगेत शेवटच्या रात्री जी काही फट उरेल ती त्या एका शब्दाने भरता यायची.

२०२४ च्या डिसेंबरात यादी आली ती चार स्क्रीनशॉटांची. पाठवणारी भाची, इयत्ता नववी. पहिल्याच चित्रात हिरवा लगदा बाहेर येत असलेली चॉकलेटची जाडजूड वडी, आणि खाली, 'मामा, हेच. दुसरं आणू नकोस.'

दुबई चॉकलेट! ज्यांना ठाऊक नाही (असे भाग्यवान अजून शिल्लक असतील तर) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुबईत राहणाऱ्या सारा हमूदा या बाईंना गरोदरपणी जे खावंसं वाटत होतं त्यातून २०२१ मध्ये ही वडी निघाली. वरून चॉकलेट, आत पिस्त्याचं क्रीम आणि कुनाफ्याच्या कुरकुरीत शेवया. दोनेक वर्षं ती दुबईतल्या दुबईत खपत होती. मग डिसेंबर २०२३ मध्ये मारिया वेहेरा नावाच्या एका मुलीने ती खातानाचा व्हिडिओ टिकटॉकवर टाकला आणि तो कोट्यवधी वेळा पाहिला गेला. म्हणजे डोहाळे एका बाईचे, आणि पुरवत बसलंय सगळं जग.

जर्मनी यातून सुटेल असं मला वाटलं होतं. बेकरीत पाव दहा सेंटने महागला तर पंधरा दिवस कुरकुरणारी ही माणसं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये लिंट कंपनीने देशभरात मिळून फक्त १००० वड्या विकायला काढल्या, एकेक सुमारे पंधरा युरोला, आणि थंडीत दुकानांसमोर रांगा लागल्या. ख्रिसमसपर्यंत प्रत्येक सुपरमार्केटची आपापली दुबई निघाली होती. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या अन्नतपासणी प्रयोगशाळेने त्याच सुमारास बाहेरून आलेल्या काही वड्या तपासल्या, तर त्यातल्या काहींत चक्क पामतेल आणि रंग निघाले. पुढे जून २०२५ मध्ये कोलोनच्या वरिष्ठ न्यायालयाला निकाल द्यावा लागला की दुबईशी काही संबंध नसलेल्या चॉकलेटला असं दुबईचं नाव देऊन गिऱ्हाइकाची दिशाभूल करता येणार नाही. पिस्त्याचे भाव जगभर चढले ते वेगळंच.

आणि या सगळ्यात मी काय केलं? दोन वड्या घेतल्या. तुर्कस्तानात बनलेलं, दुबईचं नाव लावलेलं चॉकलेट जर्मनीत विकत घेतलं आणि दुबईला विमान बदलून डोंबिवलीला नेलं. दुबईच्या विमानतळावर तीन तास बसलो होतो तेव्हा हा विनोद मला कळत होता, पण बॅग सोडवत नव्हती.

घरी वडी फोडायचा समारंभ झाला. खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून टेबल तिकडे ओढलं. पंखा बंद केला, कारण आवाज येतो. 'आजी, आता दोन मिनिटं बोलू नकोस हं.' पहिली वडी हवी तशी तुटली नाही. दुसरीचा कट्ट आवाज झकास आला, पण फोनवर तेव्हा कुणाचा तरी कॉल आला. मग पहिलीचे तुकडे पुन्हा जोडून, फट दिसणार नाही असे धरून, तिसऱ्यांदा फोडले. तोवर डिसेंबरातही डोंबिवलीच्या हवेने आपलं काम केलं होतं आणि चॉकलेट बोटांना लागायला लागलं होतं. सगळं आटोपल्यावर आईच्या हातात एक तुकडा आला. 'गोड आहे रे. आत शेवया घातल्यात का?' एवढंच ती म्हणाली. भाचीने अर्धा तुकडा खाल्ला, 'ठीक आहे' म्हणाली आणि व्हिडिओला गाणं लावायला निघून गेली. रात्रीपर्यंत वर्गातल्या तिघींनी तिला विचारलं होतं की कुठून मागवलं.

पोरीला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. नववीत असताना माझ्या हातात असं यंत्र असतं तर मी काय काय दिवे लावले असते ते ताईला चांगलं माहीत आहे. मला छळतोय तो वेगळाच प्रश्न. ते चॉकलेट आमच्या घरात नेमकं कशासाठी आलं होतं? खायला नक्कीच नाही. ते दाखवायला आलं होतं, आणि दाखवल्यावर त्याचं काम संपलं. त्या कामाचा मोबदला कुणाला मिळाला? कारखानदाराला मिळाला, दुकानाला मिळाला, ज्या ॲपवर ते दिसलं त्याला तर नक्कीच मिळाला. भाचीने लाइट, साउंड, कॅमेरा, अभिनय सगळं फुकट केलं. मामाने वाहतूक फुकट केली. आमचं अख्खं खानदान एका दुपारपुरतं बिनपगारी विक्रेतं झालं होतं.

याच्यावर कायदा आहे, असं माझे इथले मित्र सांगतात. आहे ना. जर्मनीत २०२२ पासून कायद्यातच लिहिलंय की पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या मालाचं कौतुक केलं तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपल्याकडेही केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तशी नियमावली काढली, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उत्तम. पण हे नियम पकडतात कुणाला, तर ज्याने पैसे घेतले त्याला. आमच्या भाचीने दमडी घेतली नव्हती. तिच्या तीन मैत्रिणींपर्यंत जी जाहिरात पोचली ती कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच नव्हती, आणि म्हणूनच ती बिनतोड होती. टीव्हीवरच्या साबणाच्या बाईवर आपण कधी पूर्ण विश्वास ठेवला नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीवर ठेवतो.

'जाहिराती काय पूर्वी नव्हत्या?' हा प्रश्न मला हमखास येतो. होत्या की. माझं बालपण नव्वदच्या दशकातलं, निम्म्या जाहिराती अजून चालीसकट पाठ आहेत. पण त्या काळी आमच्या घरात खरेदी कशी व्हायची ते सांगतो, मग फरक तुम्हीच बघा.

आई मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. १९७५ मध्ये सुरू झालेली ही संस्था आजही चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारावं. आसपासची काही घरं मिळून एक संघ. प्रत्येक घराने महिन्याचं काय काय हवं ते आधी लिहून द्यायचं, सगळ्यांची मागणी एकत्र करून संस्था घाऊक भावात माल घेणार, आणि ठरलेल्या दिवशी तो संघातल्या एकाच्या घरी येऊन पडणार. मग सगळ्यांनी जमून वाटून घ्यायचा. आमच्याकडे माल यायचा त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे.

पण मला आठवते ती त्याच्या आधीची संध्याकाळ. मागणीचा कागद भरायच्या दिवशी आई ओट्याखालचे सगळे डबे एकेक करून उघडायची. तूरडाळीचा डबा हलवून बघायची. 'साबुदाणा आहे अजून. या महिन्यात दोन चतुर्थ्या नाहीत.' असं पुटपुटत ती आकडा लिहायची, खोडायची. कागदावर लिहिलं ते महिनाभर मिळणार, नाही लिहिलं ते नाही. मी 'बोर्नव्हिटा लिही' म्हणून पाठी लागायचो आणि ती डबा दाखवायची: 'हा बघ, एवढा आहे.' वाद खलास! डब्याशी कोण वाद घालणार?

आधी डबा रिकामा व्हायचा, मग यादी, मग दुकान. जाहिरात या साखळीत कुठे तरी कडेला उभी राहून ओरडायची, आणि फार तर साबण बदलायला लावायची. आता साखळी उलटी झाली आहे. आधी वस्तू येते, डोळ्यांसमोर, रात्री अकरा वाजता, अंथरुणात. मग तिच्यासाठी घरात डबा शोधायचा. नाही सापडला तर डबाही विकत घ्यायचा (डब्यांच्या रील्स पाहिल्या नसतील तर बघू नका, एकसारख्या काचेच्या बरण्यांत डाळी ओतणाऱ्या त्या बायकांनी माझ्या बायकोचा एक अख्खा पगार खाल्ला आहे).

इथे आखेनला माझी पहिली घरमालकीण म्हणजे ऐंशीच्या घरातल्या आजी. त्यांच्याकडे ओटो कंपनीचा जाडजूड कॅटलॉग यायचा. त्या रविवारी तो चाळायच्या आणि आवडलेल्या पानाचा कोपरा दुमडून ठेवायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा उघडायच्या आणि निम्मे कोपरे सरळ करून टाकायच्या. कारण विचारलं तर खांदे उडवायच्या. डिसेंबर २०१८ मध्ये ओटोने आपला शेवटचा मोठा कॅटलॉग छापला. गिऱ्हाईक फोनवर गेलं होतं, कंपनीचंही काही चुकलं नाही. पण त्या कॅटलॉगला एक गोष्ट होती जी हातातल्या पडद्याला नाही. शेवटचं पान. अंगठा सरकवत राहा, मजकूर येतच राहील, ही खुबी २००६ च्या सुमारास काढणाऱ्या अझा रास्किननेच पुढे तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला आहे. पश्चात्तापाने पान परत येत नाही, असो.

आता थोडं माझ्या धंद्याचं. मी कंट्रोल सिस्टिम्सवर काम करतो, म्हणजे यंत्राने काय मोजावं आणि त्यावरून स्वतःला कसं सावरावं हे ठरवणं. या विषयात पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं की कंट्रोलर कितीही हुशार बनवा, सेन्सर चुकीच्या जागी लावला तर तो हुशारीने चुकीचंच काम करतो. एसीचा सेन्सर गॅसच्या शेगडीवर बसवून बघा. एसी बिचारा इमानदारीत घराचं काश्मीर करून टाकेल, आणि त्याच्या हिशोबी सगळं बरोबर चाललेलं असेल.

'मला काय आवडतं ते ॲपला बरोबर कळतं' असं लोक कौतुकाने सांगतात तेव्हा मला तो एसी आठवतो. ॲपला तुमची आवड मोजताच येत नाही. त्याला मोजता येतं ते तुमचा अंगठा कुठे थांबला, किती सेकंद थांबला, परत मागे गेला का. आपण रस्त्यावर अपघात झाला तरी थांबतो. भांडण चाललं असलं तरी थांबतो. कुणीतरी चॉकलेट मोडलं आणि छान आवाज आला तरी थांबतो. थांबणं म्हणजे हवं असणं नव्हे. पण सेन्सर तिथे बसवलाय, म्हणून तेच वाढवलं जातं. वर त्याला आवर घालणारं जे जे होतं, म्हणजे महिन्याचा कागद, पुढचा रविवार, दुकानापर्यंतची चाल, खिशातल्या नोटा मोजणं, ते एकेक करून 'गैरसोय' म्हणून काढून टाकलं. आमच्या भाषेत याला डॅम्पिंग म्हणतात. गाडीचे शॉक ॲब्झॉर्बर काढून टाकले तर गाडी हलकी होते हे खरं आहे. पुढच्या खड्ड्यापर्यंत.

'कुणी बळजबरी केली आहे का? नको असेल तर घेऊ नका,' हा दुसरा आवडता युक्तिवाद. नको हे कळायला जो वेळ लागतो तोच काढून घेतल्यावर हा सल्ला देणं म्हणजे ब्रेक काढून ठेवून 'हळू चालवा' सांगण्यासारखं आहे. युरोपियन युनियनच्या डिजिटल सेवा कायद्याने २०२३ पासून मोठ्या ॲपना निदान एक पर्याय ठेवायला लावला आहे, ज्यात तुमच्या सवयींवरून मजकूर निवडला जात नाही. मी तो लावून पाहिला. तीन दिवसांत कंटाळलो आणि परत फिरलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'तुम्ही तिकडे बसून आम्हाला शहाणपण शिकवता' हे वाक्य मला इथपर्यंत ऐकू यायला लागलं आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एक जाळीची खोली असते. माझ्या खोलीत २०२० साली घेतलेली आंबवलेल्या पावाची वेताची टोपली आहे (दोन पाव झाले), घरात सायकल चालवायचं यंत्र आहे, आणि मान सरळ ठेवायचा एक पट्टा आहे जो मान खाली घालून फोन बघताना मी मागवला होता. शेजारच्या जाळ्यांत डोकावलं तर जर्मन शहाणपणही तसंच रचून ठेवलेलं दिसतं. २०२४ या एका वर्षात दीडशे युरोंच्या आतली ४६० कोटी पार्सलं बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आली, त्यातली दहात नऊ चीनमधून. एवढ्या वस्तूंची गरज इथल्या लोकांना आदल्या वर्षी माहीत तरी होती का?

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. आईच्या ओळखीच्या एक बाई घरी भाजणी आणि मेतकूट करतात. पूर्वी त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तीन सोसायट्या. आज व्हॉट्सॲपच्या जोरावर त्यांचं मेतकूट पुण्याला जातं, बंगळूरला जातं. त्यांना दुकानाचा गाळा कधीच परवडला नसता. त्यांच्यासमोर हा लेख वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. फक्त एवढंच, की त्यांच्याकडून मेतकूट मागवणारा माणूस मेतकूट संपलं म्हणून फोन करतो. तिथे डबा अजून रिकामा होतो आहे.

आता आईचं सांगतो. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो आणि इकडेतिकडे फिरून आलो.

त्याच डिसेंबरच्या मुक्कामात जादा पांघरूण काढायला मी बॉक्सचा पलंग उघडला. आत सात पार्सलं. पाच फोडलेलीच नव्हती. उरलेल्या दोनांत साड्या, घड्या न मोडलेल्या. फेसबुक लाइव्हवर साड्या विकतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल: 'ताईंनो, सिंगल पीस आहे, स्क्रीनशॉट काढा आणि व्हॉट्सॲपला टाका.' मागणीचा कागद भरताना साबुदाण्याचा आकडा दोनदा खोडणारी माझी आई! मी तिच्याशी तावातावाने बोललो. वर जे लिहिलंय ते सगळं, सेन्सर, डॅम्पिंग, सगळं तिला ऐकवलं. हिशोब केला. सात पार्सलांचे किती झाले ते तिच्यासमोर कागदावर लिहिलं.

तिने कागद बघितला, आणि म्हणाली, 'अरे, पैशाचं बरोबर आहे तुझं. पण ती मुलगी रोज नावाने हाक मारते. काकू आल्या का, जेवलात का विचारते. सारखं नुसतं बघत बसायचं आणि काहीच घ्यायचं नाही, बरं दिसतं का ते?'

बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ताईचं घर ठाण्यात, नोकरी, मुलीचे क्लास. माझा फोन रविवारी, वीस मिनिटं. मी तो कागद घडी करून खिशात घातला. जी मुलगी आईला जेवलात का विचारते तिला आई पार्सलामागे मोबदला देते, आणि तो व्यवहार मला मूर्खपणाचा वाटत होता. या गणितात माझाही एक सेन्सर चुकीच्या जागी लागला होता, हे मला आखेनला परतल्यावर कळलं.

म्हणून माझा राग कमी झालेला नाही. उलट वाढला. त्या मुलीवर नाही, ती पोट भरते आहे. ज्यांनी हा बाजार रचला त्यांना एक गोष्ट आपल्या आधी कळली. माणसाला वस्तू विकायची तर वस्तू चांगली असावी लागते, पण एकट्या माणसाला काहीही विकता येतं. आणि घरातली एकटी माणसं त्यांनी नाही, आम्हीच पुरवली.

हा लेख लिहिण्यासाठी पुरावा हवा म्हणून गेल्या शनिवारी मीही तो लाइव्ह लावला. इथे दुपारचे साडेचार, तिकडे रात्रीचे आठ. मुलगी मोरपंखी रंगाची एक साडी पसरून दाखवत होती. मधेच थांबून म्हणाली, 'डोंबिवलीच्या काकू आल्या! काकू, जेवण झालं?' खाली आईचं उत्तर उमटलं. 'झालं. आज पिठलं भात केला. एकटीला पुरतो.' शनिवारी आई काय जेवली हे मला गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

फोन केला तेव्हा तिने उचलला नाही, लाइव्ह संपायचा होता. मोरपंखी साडी तिने घेतली नाही. सिंगल पीस होता, दुसऱ्याच कुणीतरी नेला.